तळं आधी होतं

अलेक्झान आजोबांना ऐकू येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं. नातवाला त्यांनी जे शिकवलं ते सगळं हातांनी. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात, प्रिन्स अल्बर्ट शहराच्या वायव्येला, आताहकाकूप ही क्री लोकांची वस्ती आहे. हिवाळ्यात तिथली तळी गोठून दगडासारखी होतात. म्हातारा नातवाला घेऊन तळ्यावर जायचा, त्याच्या मोकॅसिनवर, म्हणजे कातड्याच्या मऊ पादत्राणांवर, स्केट बांधून द्यायचा. आपल्याकडे आजोबा बाभळीच्या फांदीतून विटी-दांडू काढून देत, तशी त्यानं विलोच्या लाकडातून हॉकीची स्टिक काढून दिली. पक, म्हणजे हॉकीची चकती, म्हणून गोठलेला शेणाचा गोळा. आजोबा बर्फाला भोक पाडून मासे धरत बसायचे आणि पोरगं भोवताली घसरायचं, आपटायचं, पुन्हा उठायचं.

त्या पोराचं नाव फ्रेड सासकमूस. जन्म २५ डिसेंबर १९३३. अमेरिका-कॅनडातली आइस हॉकीची सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे नॅशनल हॉकी लीग. १९५३-५४च्या हंगामात ते त्या लीगमध्ये शिकागोच्या संघाकडून खेळले, आणि तिथल्या पहिल्यावहिल्या मूलनिवासी खेळाडूंमध्ये त्यांचं नाव घेतात.

माझ्यापर्यंत ही गोष्ट आली ती अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सत्तरच्या दशकात ते सातारा सोडून प्रिन्स अल्बर्टला डॉक्टर म्हणून गेले आणि तिथलेच झाले. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा राहायला गेले तो जानेवारी होता. पारा उणे तिशीच्या खाली, श्वास बाहेर पडताच पापण्यांवर गोठायचा. अशा दिवसांत गावात माणसं भेटतात ती रिंकवर. खाली बर्फावर लहान मुलं खेळत असतात आणि वर काचेमागे, कॉफीचे कागदी पेले हातात धरून, त्यांच्या आज्या-आजोबांचा कट्टा भरलेला असतो. अण्णा त्या कट्ट्यावरचे जुने श्रोते. त्यांनी मला एका बाकावर बसवलं आणि सांगितलं, "मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत. गप्प बसलीस तर सांगतील."

क्री लोकांत, आणि हा कट्टा त्यांचाच, काही कथा फक्त जमिनीवर बर्फ असतानाच सांगायच्या, असा दंडक आहे. त्या पवित्र कथा वेगळ्या, फ्रेडची गोष्ट त्यांतली नाही. पण ती सांगायची रीत त्याच घरातली वाटते. कोणालाच घाई नसते. एक जण थांबला की दुसरा तिथूनच उचलतो. आणि सुरुवात कुणीही शिकागोपासून करत नाही, सगळे तळ्यापासून करतात. छापील चरित्रांमध्ये फ्रेड सासकमूस १९५४ साली जन्मल्यासारखे अवतरतात. कट्ट्यावरच्या गोष्टीत मात्र आधी आजोबा येतात, मग स्टिक येते, आणि मग येतो ट्रक.

हा ट्रक १९४० सालचा. फ्रेड सहा वर्षांचा होता. सरकारी हुकमानं वस्तीतली मुलं गोळा करून निवासी शाळेत न्यायची होती. भाऊ फ्रँकबरोबर त्यालाही चढवलं. आजोबांनी नातवाला धरून ठेवलं होतं, पण त्या ट्रकपुढे कोणाचंच चाललं नाही. पोरं गेली डक लेकला, सेंट मायकल्स या कॅथलिक मिशनऱ्यांच्या शाळेत. तिथे पहिल्यांदा केस कापले. क्री बोलायची बंदी. आईबाप भेटायला येतील म्हणावं, तर वस्तीबाहेर पाऊल टाकायला सरकारी अधिकाऱ्याची चिठ्ठी लागायची. तिला कायद्याचा आधार नव्हता, तरी ती पद्धत कित्येक दशकं चालली. कॅनडाभर दीड लाखाहून अधिक मूलनिवासी मुलं अशा शाळांमधून गेली, हे २०१५च्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या अहवालानं नोंदवलं आहे. हजारो मुलं परत आली नाहीत. डक लेकची शाळा १९९६ साली बंद झाली. म्हणजे मी शाळेत जात होते तेव्हा ती सुरू होती.

त्या शाळेत फ्रेडला मारहाण झाली, लैंगिक अत्याचारही झाले. हे त्यांनी स्वतःच म्हातारपणी जाहीरपणे सांगितलं. कट्ट्यावर या जागी आवाज खाली जात नाही, तपशीलही येत नाही. 'तिथे जे व्हायचं ते त्याचंही झालं,' एवढं एक आजी म्हणाली, आणि ज्या तऱ्हेनं म्हणाली त्यावरून ती स्वतःही तिथे होती हे कळलं.

आता फादर रूसेल. हे पाद्री मॉन्ट्रियलकडचे, हॉकीचे वेडे. शाळेत आल्यावर त्यांनी मुलांच्या हातात स्टिका दिल्या, रिंक तयार केली आणि मुलांकडून न थकता सराव करून घेतला. फ्रेडकडे त्यांचं खास लक्ष. शिस्त कडक आणि चुकलं की पट्टा. शाळेच्या संघानं उत्तर सस्कॅचेवानचं अजिंक्यपद मिळवलं. बाहेरच्या जगात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत इथे एक वाक्य हमखास येतं: शाळा वाईट होती, पण निदान तिनं त्याला हॉकी तरी दिली. हे वाक्य मला मान्य नाही, आणि त्या कट्ट्यावरच्या कोणालाही ते मान्य असल्याचं मी पाहिलं नाही. रूसेल यांनी खेळाला धार दिली, यात शंका नाही. फ्रेड स्वतः त्यांच्याबद्दल कृतज्ञ राहिले, तोही त्यांचा हक्क. पण देणारा हात आधी तळ्यावर होता. मुलगा डक लेकला पोहोचला तेव्हा त्याचे पाय बर्फाला ओळखत होते. ज्या माणसाच्या हातून नातू ओढून नेला, त्याचंच श्रेय नेणाऱ्यांच्या खात्यावर टाकायचं, हा दुसरा अन्याय झाला. म्हातारी माणसं गोष्ट तळ्यापासून का सुरू करतात, ते मला इथे उमगलं.

पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि फ्रेड घरी आला. पुन्हा कुठेही जायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. अशात एक दिवस फादर रूसेल दारात, आणि सोबत एक अनोळखी गोरा माणूस. तो म्हणजे जॉर्ज व्होगन, मूस जॉ कॅनक्स या ज्युनियर संघाचा माणूस. हा संघ शिकागो ब्लॅक हॉक्ससाठी खेळाडू घडवायचा. गोरा माणूस पोराला न्यायला आलाय म्हटल्यावर घरात काय वाटलं असेल ते सांगायला नको. थोडे दिवस राहून बघ, या बोलीवर तो दक्षिणेला मूस जॉला गेला. थोडे दिवस झाल्यावर त्यानं बोली पाळली: गाशा गुंडाळला आणि घरच्या दिशेनं चालायला लागला. अंतर काहीशे किलोमीटर. व्होगननं गाडी काढून त्याला रस्त्यात गाठलं, समजूत घालून परत आणलं आणि आपल्या घरात, आपल्या कुटुंबात ठेवून घेतलं.

कट्ट्यावर हा प्रसंग सगळ्यांत रंगवून सांगतात. कुणी चालण्याचा रस्ता सांगतो, कुणी त्याच्या खिशात काय होतं ते सांगतो, आणि कोणाचाही तपशील दुसऱ्याशी जुळत नाही. अण्णांना त्यांतली एकच आवृत्ती पसंत: त्या पोरानं दिशा बरोबर धरली होती, एवढंच ते म्हणायचे.

मूस जॉमध्ये मुलगा फुलला. तो सेंटरला खेळायचा, आणि त्याचा वेग बघायला लोक यायचे. १९५३-५४च्या हंगामात त्यानं ३१ गोल केले आणि ज्युनियर लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. संघ बाद फेरीत हरला, मुलं कपडे बदलायच्या खोलीत मान खाली घालून बसली होती, आणि व्होगननं तार वाचून दाखवली: शिकागोनं सासकमूसला बोलावलं आहे.

हे किती दुर्मिळ होतं ते आज लक्षात येणार नाही. आता नॅशनल हॉकी लीगमध्ये ३२ संघ आहेत. तेव्हा फक्त सहा होते: मॉन्ट्रियल, टोरांटो, डेट्रॉइट, बोस्टन, न्यूयॉर्क आणि शिकागो. साऱ्या जगातून शंभर-सव्वाशे माणसांना तिथे जागा. शिकागो त्या वर्षी तळाला होता, ७० पैकी जेमतेम १२ सामने जिंकलेला. पण समोर उभे राहायचे ते मॉरिस रिशार आणि गॉर्डी हाउ यांच्यासारखे दिग्गज. फ्रेड आगगाडीनं टोरांटोला पोहोचला. फेब्रुवारीतल्या शनिवारी रात्री मेपल लीफ गार्डन्सवर सामना. रेडिओवर फॉस्टर ह्युइट. सगळा कॅनडा शनिवारी रात्री या माणसाच्या आवाजाला कान लावून बसायचा. त्यानं सामन्याआधी या नव्या खेळाडूकडून त्याचं आडनाव नीट म्हणून घेतलं.

माझ्या शेजारी बसलेल्या एका आजीनं ती रात्र रेडिओच्या दुसऱ्या टोकाला काढली होती. तेव्हा ती लहान होती. ज्यांच्या घरी बॅटरीवरचा रेडिओ, त्यांच्याकडे बर्फातून चालत लोक आले. म्हाताऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांना खेळ कळत होता, समालोचन नाही. त्यामुळे ते फक्त ते एक आडनाव कधी येतं त्याची वाट बघत होते, आणि आलं की सगळं घर ओरडायचं. गोल झाला की नाही, हे तिला आठवत नव्हतं. विचारायचंही माझ्या मनात आलं नाही.

शिकागोत वर्तमानपत्रं त्याला 'चीफ' म्हणायची. प्रेक्षक युद्धाच्या आरोळ्या द्यायचे. बर्फावर तो लोकांचा लाडका होता, आणि त्याच वेळी त्याच्या देशात त्याला मतदानाचा हक्क नव्हता. कायद्यानं 'इंडियन' ठरलेल्या माणसांना आपला दर्जा न सोडता केंद्रीय निवडणुकीत मत देता येऊ लागलं ते १९६० साली.

नोंदवहीत आहे ते असं: अकरा सामने, शून्य गोल, शून्य असिस्ट (गोलासाठी दिलेले पास), सहा मिनिटं शिक्षा. पुढच्या हंगामात त्याला खालच्या लीगांमध्ये धाडलं. शिकुटिमी, न्यू वेस्टमिन्स्टर, कॅल्गरी. १९५५मध्ये लोरेटाशी लग्न झालं, आणि ती वस्ती सोडून शहरात यायला तयार नव्हती. त्याचाही जीव तिकडेच. शिस्तीत राहिला असता तर पुन्हा वर गेला असता, असं हॉकीतले जाणते म्हणतात. मला या 'असता'मध्ये फारसा रस नाही. ज्या मुलाला सहाव्या वर्षी घरातून उचललं होतं, त्याला बाविसाव्या वर्षी घर आणि लीग यांतलं एक निवडायला सांगितलं, तर तो काय निवडेल हे उघड आहे. आणि त्या निवडीला अपयश म्हणायचं असेल, तर तो शब्द त्याच्यापेक्षा त्या काळाला जास्त शोभतो.

पुढची वर्षं सरळ गेली नाहीत. कॅम्लूप्सला खेळत असताना तिथल्या मूलनिवासी प्रमुखांनी त्यांना 'चीफ थंडरस्टिक' हे मानाचं नाव दिलं. मग खेळ संपला, दारू जडली, बरीच वर्षं ती पाठीला राहिली, शेवटी सुटली. नऊ मुलांचा संसार. गावच्या कारभारात ते शिरले आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आताहकाकूपचे निवडून आलेले प्रमुख झाले. वर्तमानपत्रांनी थट्टेनं चिकटवलेली पदवी आता लोकांनी मतं देऊन दिली. उत्तरेकडच्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी त्यांनी लीग उभी केली, स्पर्धा भरवल्या. कट्ट्यावरचे पुरुष आपापल्या गुडघ्यांच्या जखमा दाखवून सांगत होते, ही फ्रेडच्या स्पर्धेतली. त्या जखमांचा त्यांना फार अभिमान. सस्कॅटूनला त्यांच्या नावानं मूलनिवासी संघांची स्पर्धा भरू लागली, त्या नावात थंडरस्टिकही आहे.

उतारवयात ते बोलायला लागले. सत्य आणि सलोखा आयोगापुढे साक्ष दिली, शाळाशाळांतून फिरले, आणि प्रत्येक ठिकाणी, अण्णा सांगतात, सुरुवात अलेक्झानपासून केली. २०१७ साली त्यांना 'ऑर्डर ऑफ कॅनडा' जाहीर झाला. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये कोविडनं ते गेले. त्यांचं आत्मचरित्र पुढच्या वर्षी आलं.

फ्रेड गेल्यानंतर मी अण्णांना फोन केला तेव्हा ते पंच्याऐंशीच्या पुढचे होते आणि रिंक बंद असल्यामुळे चिडलेले. त्यांनी फ्रेडबद्दल फार काही सांगितलं नाही. सांगितलं ते एथन बेअरबद्दल. सस्कॅचेवानच्याच ओचापोवेस वस्तीतला हा क्री मुलगा तेव्हा त्याच लीगमधल्या एडमंटन ऑयलर्स संघाचा बचावपटू होता. २०२०च्या जुलैमध्ये एका सराव सामन्यात तो पाठीवर आपलं आडनाव क्री लिपीत लिहिलेली जर्सी घालून उतरला. "कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांना टीव्हीवर ते वाचता आलं गं," अण्णा म्हणाले, "समालोचकालाच येत नव्हतं." मग त्यांनी मला बजावलं की लिहिणार असशील तर तळ्यापासून लिही, आणि तो मुलगा या हंगामात कसा खेळतोय हे सांगण्यात पुढची वीस मिनिटं घालवली.