पिपरवारची खाण आणि गाळलेला एक शब्द

झारखंडमधील पिपरवार हे नाव कोळसा खात्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारी लवादाच्या अभ्यासकांना मात्र त्या खाणीवरून उद्भवलेला तंटा चांगलाच परिचित आहे. १९८९ मध्ये, म्हणजे तो भाग बिहार राज्यात असताना, कोल इंडिया या सार्वजनिक उपक्रमाने व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीशी तेथे उघडी कोळसा खाण विकसित करण्याचा करार केला. उत्पादन ठरल्यापेक्षा अधिक झाले तर बोनस, कमी झाले तर दंड, अशी त्यात तरतूद होती. पुढे बोनस किती, दंड किती आणि धुतलेल्या कोळशाचा दर्जा कसा, यावरून वाद झाला. कोल इंडियाने बँक हमी वठवली. कंपनीने १९९९ मध्ये पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सकडे दाद मागितली आणि मे २००२ मध्ये दोन विरुद्ध एक अशा बहुमताने सुमारे ४०.८ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा निवाडा तिच्या बाजूने लागला.

लवादाची कल्पना आपल्याला नवी नाही. मराठेशाहीत पंचायतीपुढे जाण्यापूर्वी उभय पक्षांकडून राजीनामा लिहून घेत; पंच जे ठरवतील ते मान्य, असा त्याचा अर्थ. (त्या शब्दाला आज आलेला अर्थ अगदी वेगळा आहे.) १८२७ च्या मुंबई विनियमांतही लवादाला स्थान होते. निवाडा आल्यावर हरलेल्या पक्षाने न्यायालयात जाऊन सारे पुन्हा उकरायचे, ही प्रथा रुजली ती नंतर. १९४० च्या कायद्याखाली ती इतकी बळावली की १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच त्यावर कठोर शब्दांत खेद व्यक्त करावा लागला.

१९९६ चा नवा कायदा हा खेद दूर करण्यासाठी होता. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने १९८५ मध्ये तयार केलेला नमुना कायदा त्याचा पाया होता. लवादाचे स्थान देशात असेल ‘तरच’, काही कलमांचा अपवाद सोडून, हा कायदा लागू होईल, असे त्या नमुन्यात म्हटले होते. आपल्या कलम २(२) मध्ये ‘लवादाचे स्थान भारतात असेल तेथे हा भाग लागू होईल’ एवढेच आले. ‘तरच’मधला ‘च’ गळाला.

मार्च २००२ मध्ये भाटिया इंटरनॅशनल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमके यावर बोट ठेवले. ‘च’ नाही, म्हणून परदेशात चाललेल्या लवादालाही, पक्षांनी स्पष्टपणे किंवा अभिप्रेतपणे वगळले नसेल तर, कायद्याचा पहिला भाग लागू होतो, असा अन्वय लावला गेला. यामागचा हेतू वाईट नव्हता. लवाद पॅरिसला आणि प्रतिपक्षाची मालमत्ता भारतात असेल, तर ती मधल्या काळात विकली जाऊ नये म्हणून अंतरिम आदेश देण्याची सोय कायद्यात राहिली नव्हती. ती गरज खरी होती. परंतु दार उघडले ते त्याहून कितीतरी मोठे: परदेशातील निवाडा रद्द करण्याचे अर्जही भारतीय न्यायालयांत येऊ लागले.

पिपरवारचा निवाडा या निर्णयानंतर दोनच महिन्यांनी आला. सप्टेंबर २००२ मध्ये कोल इंडियाने तो रद्द करण्यासाठी कलकत्ता उच्च न्यायालय गाठले. त्याच महिन्यात कंपनीने अंमलबजावणीसाठी दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला. कलकत्त्याला या अर्जाचा अधिकारच नाही, हा कंपनीचा मुद्दा तेथे दोनदा फेटाळला गेला. २००४ मध्ये अपील सर्वोच्च न्यायालयात पोचले, २००८ मध्ये ते मोठ्या पीठाकडे सोपवले गेले. दिल्लीतील अर्ज २००६ मध्येच स्थगित झाला होता.

अखेर कंपनीने कोल इंडियाला बाजूला ठेवून थेट भारत सरकारविरुद्ध, १९९९ च्या भारत-ऑस्ट्रेलिया गुंतवणूक कराराखाली, नवा लवाद मांडला. नोव्हेंबर २०११ मध्ये लागलेला त्याचा निवाडा प्रत्येक प्रशासकाने एकदा वाचावा असा आहे. कोल इंडियाची कृती ही भारत सरकारची कृती नव्हे, असे लवादाने म्हटले. न्यायच नाकारला गेला, हेही मान्य केले नाही. सव्वाशे कोटींच्या देशातील न्यायालयांवरचा भार त्याने ध्यानात घेतला. मात्र भारत-ऑस्ट्रेलिया करारातील सर्वाधिक अनुकूल राष्ट्राच्या कलमातून त्याने भारत-कुवेत करारातील ‘हक्क बजावण्याचे परिणामकारक साधन’ हे आश्वासन उचलले आणि नऊ वर्षांच्या विलंबाने ते मोडले, असा निष्कर्ष काढला. मूळ रक्कम, त्यावर ८ टक्के व्याज आणि खर्च भारत सरकारवर आला.

न्यायालयांना दोष देऊन आपण प्रशासकांनी मोकळे होऊ नये. निवाडा स्वीकारण्याची शिफारस नस्तीवर कोण लिहितो? रक्कम दिली तर लेखापरीक्षणाचा आक्षेप, दक्षता विभागाचे पत्र, निवृत्तीनंतरची चौकशी. अपील केले तर कोणीच काही विचारत नाही. व्याज वाढत जाते, पण तो बोजा कोणाच्या नावावर चढत नाही. ‘वरच्या न्यायालयात जावे’ हा शेरा म्हणूनच आपल्याकडे सर्वांत सुरक्षित ठरला आहे.

पुढे दुरुस्ती झाली. २०१२ मध्ये बाल्को प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने भाटियाचा अन्वय बाजूला सारला, पण फक्त त्यानंतरच्या करारांपुरता. २०१५ च्या दुरुस्तीने अंतरिम आदेशाची सोय परदेशी लवादांना रीतसर मिळाली. आव्हान दिले की निवाडा आपोआप गोठायचा, तेही थांबले. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळ समितीने बांधकाम क्षेत्रातील सरकारी संस्थांना आव्हान देताना निवाड्याची ७५ टक्के रक्कम बँक हमीवर आधी देण्यास सांगितले. माझ्या मते या साऱ्यांत अधिकाऱ्याचे हात खरोखर मोकळे करणारे पाऊल हेच. उलट जून २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने देशांतर्गत सरकारी खरेदी करारांत लवादाचे कलम साधारणतः १० कोटी रुपयांखालील वादांपुरतेच ठेवावे, असे मार्गदर्शन केले. म्हणजे मोठे वाद पुन्हा न्यायालयांकडेच जाणार.

गुंतवणूक करारांबाबत सरकारने वेगळाच धडा घेतला. २०१५ च्या नव्या नमुना करारात परदेशी गुंतवणूकदाराने प्रथम पाच वर्षे भारतातील उपाय वापरून पाहावेत, अशी अट आली, सर्वाधिक अनुकूल राष्ट्राचे कलम गेले आणि जुन्या करारांपैकी बहुतेक पुढच्या काही वर्षांत संपुष्टात आणले गेले. २०२४ मध्ये अमलात आलेल्या संयुक्त अरब अमिरातीबरोबरच्या करारात ती मुदत तीन वर्षांवर आली आहे.