हुतुतू आणि आईबापांचा होकार

मुलानें कोणता खेळ खेळावा हें मूल ठरवितें, असें आपण समजतों. वस्तुतः तें आईबाप ठरवितात. आणि आईबापांचें मत बहुधा त्यांनीं जें वाचलें, ऐकलें वा पाहिलें असेल त्यावरून बनतें. आपल्या हुतुतूचा, म्हणजेच कबड्डीचा, इतिहास या गोष्टीचा उत्तम दाखला आहे.

हा अंगाशीं अंग भिडण्याचा खेळ. त्यांत घोटा धरावयाचा, कंबरेस मिठी घालावयाची. गुडघा फुटणार हें गृहीतच. १९२३ सालीं बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानें त्याचे अखिल भारतीय सामने भरविले. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं तो जगापुढें मांडला. तथापि शहरी घरांत त्याला क्रिकेटचा मान कधीं मिळाला नाहीं. १९३४ सालीं तल्यारखान यांनीं मुंबईच्या क्रिकेटचें धावतें वर्णन नभोवाणीवरून केलें, आणि पुढें तो खेळ दिवाणखान्यांत येऊन बसला. ज्या खेळाचा आवाज घरांत येतो तो सभ्य, आणि जो गल्लींतल्या मातींत चालतो तो उनाडांचा, असा समज हळूहळू रुजला.

मी राहतों तें गोडदेव हें एके काळचें गांव. आज तें भाईंदर पूर्वेच्या वस्तींत मिसळून गेलें आहे. शिक्षक या नात्यानें येथील पालकांशीं माझा वर्षानुवर्षें संबंध आला. कबड्डीच्या संघासाठीं मुलगा मागावयास गेलें, कीं "हात मोडला तर परीक्षेचें काय, गुरुजी?" हा प्रश्न ठरलेला. १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई खेळांत भारतानें कबड्डीचें सुवर्णपदक जिंकलें. पण एका दिवसाच्या बातमीनें हा प्रश्न बदलला नाहीं.

पालट झाला तो २०१४ सालीं. त्या वर्षींच्या लिलावांत राकेश कुमार यांना पाटण्याच्या संघानें १२ लाख ८० हजार रुपयांस घेतलें, आणि २६ जुलै रोजीं वरळीस प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला. तोच खेळ आतां रोज संध्याकाळीं दूरचित्रवाणीवर झगमगाटांत दिसूं लागला. लवकरच पालक मला उलट विचारूं लागले, "कबड्डीचा वर्ग कोठें आहे?"

श्रोतेहो, मधल्या काळांत घोटा बदलला नव्हता, गुडघाही बदलला नव्हता. बदललें होतें तें केवळ चित्र. पूर्वीचा नकार जसा स्वतःचा नव्हता, तसा हा होकारही स्वतःचा नाहीं. पडद्यावर ३० सेकंदांची चढाई दिसते. प्लास्टरमध्यें घालविलेले दोन महिने दिसत नाहींत. तसेंच, निव्वळ भीतीनें घरीं बसविलेल्या मुलाचें झालेलें नुकसानही कोणत्याच बातमींत येत नाहीं.

म्हणून पालकांनीं पडदा क्षणभर बाजूस ठेवावा आणि मैदानावर जावें. शिकविणारा पकड शिकविण्यापूर्वीं पडावें कसें हें शिकवितो काय? वय आणि वजन पाहून जोड्या लावतो काय? दुखापत झाली तर मुलाला त्या दिवशीं खेळांतून बाहेर बसविण्याचें धैर्य त्याच्या अंगीं आहे काय? याचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं, तर मुलाला खुशाल मातींत उतरूं द्यावें. न मिळालीं, तर पडद्यावरील झगमगाट कितीही असो, त्याला घरीं आणावें.