मसण, सुसान आणि चैत्य

"मसणात जा" ही आपल्याकडची शिवी. "रात्रीचं मसणवट्याकडून येऊ नको रे," असे म्हातारी माणसे पोरांना बजावतात. या शब्दाला आपण एवढे भितो, पण तो आला कुठून हे कोणी विचारीत नाही.

मसण हा शब्द संस्कृत 'श्मशान'वरून, प्राकृतातल्या 'मसाण' या रूपातून मराठीत आला. यास्काने निरुक्तात त्याची फोड केली आहे: श्म म्हणजे शरीर, शयन म्हणजे निजणे. शरीर निजते ती जागा! त्यात जाळण्याचे नावही नाही. शतपथ ब्राह्मणात श्मशान म्हणजे अस्थींवर रचलेला ढिगारा. देवांचे लोक तो चौकोनी करतात, असुर स्वभावाचे पूर्वेकडचे लोक गोल करतात, असेही तिथे म्हटले आहे. ज्या पूर्वेला असे हिणवले, त्याच पूर्वेत पुढे तथागतांच्या अस्थींवर स्तूप उभे राहिले.

पालीत याच शब्दाचे 'सुसान' झाले. सुसानात राहण्याचे व्रत घेणारा भिक्खू तो सोसानिक. तेरा धुतांगांपैकी हे एक. सतिपट्ठान सुत्तात मृतदेहाकडे पाहून करायच्या नऊ अनुपश्यना सांगितल्या आहेत. राजगृहाच्या सीतवनाकडे अनाथपिंडिक अंधारात निघाला तेव्हा वाटेत सुसान लागले. तो भ्याला, पण पुढे गेला, म्हणून त्याला बुद्ध भेटले.

आपल्या वाडवडिलांची भीती मात्र निराळी होती. मौतीचा सांगावा नेणे, सरणाची लाकडे वाहणे ही कामे महारकीत त्यांच्याच गळ्यात. पण स्वतःचे माणूस गेले, की कितीतरी गावांत गावच्या मसणात त्यांना जागा नसे. काही गावांत जातीजातींची स्मशाने आजही वेगळी आहेत. तेव्हा दोष मसणाचा नाही, माणसांचा आहे.

आता आणखी एक शब्द पाहा. 'चि' म्हणजे रचणे. त्यापासून चिता झाली आणि चैत्यही झाले. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांची चिता रचली गेली. त्या जागेला आपण मसण म्हणत नाही, चैत्यभूमी म्हणतो. लाखो लोक तिथे लेकराबाळांसह जातात. कोणी भीत नाही.

म्हणून पोराबाळांना मसणाचे भय घालण्यापेक्षा हा अर्थ सांगू या.