स्वरांची पेटी आणि मींड

सातारा-सांगलीकडील हौशी तरुण आतां संगणकावर चाली रचतात. वाद्यांच्या ध्वनिमुद्रित स्वरांचा संच घेतांना थोड्या पैशांत शंभर वाद्यें पाहून ते भुलतात. हा मोह जुनाच आहे. स्वस्त व सोयीची म्हणून बाजाची पेटी आपल्या घरांत शिरली. परंतु तिचे स्वर सुटे, मींड तिला साधत नाहीं, असे आक्षेप घेऊन १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिच्यावर बंदी घातली. ती १९७१ सालीं शिथिल झाली. मींड मात्र पेटींत आली नाहीं. ती तारेवरच राहिली. मिरजेस १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांनीं सुरू केलेल्या कारागिरीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. म्हणून आम्ही म्हणतों, एकाच वाद्याचा संच घ्यावा, पण त्यांत मींड आहे कीं नाहीं हें पारखावें. आणि तत्पूर्वीं मिरजेस जाऊन खरी सतार ऐकावी. कान तयार असल्यावांचून काटकसर कसली?