तेलाचा पिपा आणि चार रूममेट

गेल्या शनिवारी मावसभावाचा मेसेज आला. मूळचा अकोल्याचा, सध्या न्यू जर्सीत. नवी नोकरी, चौघांत मिळून एक फ्लॅट. प्रश्न एका ओळीचा होता: "दादा, कॉस्टकोचं कार्ड काढू का? वर्षाचे ६५ डॉलर मागतात."

उत्तर द्यायला दोन मिनिटं पुरली असती. चौघांत ६५ डॉलर म्हणजे माणशी सव्वासोळा. बाहेरच्या दुकानापेक्षा तिथे माल १० टक्के स्वस्त पडतो असं धरलं, तर वर्षाला ६५० डॉलरची खरेदी झाली की फी वसूल. चार तरणेबांड पोरं, तांदूळ, दूध, तेल, कांदे... हे तर दोन-तीन महिन्यांतच होऊन जाईल. म्हणजे काढ कार्ड, विषय संपला.

पण मी लिहिलं, "थांब, उद्या सांगतो." कारण हेच गणित मी अमरावतीला कॉलेजात असताना एकदा केलं होतं. गणित बरोबर होतं आणि तरी मी चुकलो होतो.

तेव्हा आम्ही चौघं कठोरा नाक्याकडे एका खोलीत राहायचो. खानावळीला कंटाळून खोलीवरच स्वयंपाक करायचं ठरलं. एकाचं घर अकोल्याचं. अकोला म्हणजे डाळ मिलांचं गाव, त्यामुळे तूरडाळीचा कट्टा आणि तेलाचा १५ किलोचा पिपा तिथल्या ठोक बाजारातून आणायचा, असा प्लॅन झाला. मी वहीत तक्ता आखला (एक्सेल तेव्हा फक्त लॅबमध्ये!). किलोमागे किती वाचतात, बसचं भाडं किती, चौघांत किती. हिशोब चोख होता. प्रत्येकानं महिन्याच्या सुरुवातीला एकरकमी पैसे टाकायचे, एवढंच करायचं होतं.

चौथा रूममेट दर्यापूर तालुक्यातला. तो म्हणाला, "तुमचं करा बे तुम्ही, मी खानावळीतच जेवीन. मले तिथलंच जमते." आम्हाला वाटलं, याला भांडी घासायचा कंटाळा आहे. त्यावरून त्याला चिडवलंही भरपूर. तो खानावळीत एकच वेळ जेवतो आणि घरून पैसे येतात ते कापूस विकल्यावर, हे आम्हाला दिवाळीनंतर कळलं. खानावळीच्या काकू त्याच्याकडून पैसे आले की घ्यायच्या. आमच्या योजनेत मात्र आधी पैसे, मग डाळ. जास्त पैसे देऊन तो कमी जेवत होता आणि आम्ही तिघं कमी पैशात पोटभर.

यात डाळवाल्याचा काही दोष नव्हता. दोष असलाच तर माझ्या तक्त्याचा. त्यात 'पैसे कधी द्यायचे' हा रकानाच नव्हता. कार्डाचा प्रश्न आला तेव्हा पहिल्यांदा हे आठवलं, आणि मग रविवार या कार्डांचा इतिहास चाळण्यात गेला. तो आज इथे मांडतो.

कार्डाचा जन्म

सोल प्राइस नावाच्या वकिलानं १९५४ मध्ये सॅन डिएगोत 'फेडमार्ट' सुरू केलं. तिथे सरकारी नोकरांना २ डॉलर भरून सभासद होता यायचं. पुढे कंपनी एका जर्मन उद्योजकाच्या हातात गेली आणि १९७५ मध्ये प्राइसची उचलबांगडी झाली. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, त्यानं मुलाबरोबर विमानाच्या एका जुन्या हँगरमध्ये 'प्राइस क्लब' उघडला. फी २५ डॉलर. गिऱ्हाईक कोण? फक्त छोटे धंदेवाले. हा क्लब आधी घरगुती गिऱ्हाइकांसाठी नव्हताच! धंदेवाल्यांवर दुकान चालेना, पहिल्या वर्षी तोटा झाला, तेव्हा सरकारी नोकर आणि पतसंस्थांचे सभासद यांनाही दार उघडलं. १९८३ मध्ये सिएटलला कॉस्टको निघालं. त्याच्या दोन संस्थापकांपैकी जिम सिनेगल हा फेडमार्टमध्ये तयार झालेला माणूस. १९९३ मध्ये प्राइस क्लब आणि कॉस्टको एक झाले.

या क्लबचं इंजिन साधं आहे. साधारण चार हजारच वस्तू ठेवायच्या (मोठ्या सुपरमार्केटात हा आकडा तीस हजारांच्या घरात जातो), त्या मोठ्या पॅकमध्ये विकायच्या आणि खरेदी किमतीवर १४-१५ टक्क्यांच्या वर चढवायचं नाही. मग कमाई कुठून? फीमधून. २०२४ च्या आर्थिक वर्षात कॉस्टकोला फीपोटी सुमारे ४.८ अब्ज डॉलर मिळाले आणि निव्वळ नफा होता सुमारे ७.४ अब्ज. म्हणजे दुकान जवळजवळ खर्चापुरतं चालतं आणि नफ्याचा मोठा भाग दाराशीच गोळा होतो.

यात एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. स्वस्ताई मिळते ती सभासदानं दोन गोष्टी आगाऊ दिल्या म्हणून. एक वर्षाची फी, आणि दुसरी महिनाभराच्या मालाची किंमत. दुकानदाराच्या गोदामात पडून राहिला असता तो माल आता तुमच्या खाटेखाली पडून राहतो. त्याचं भांडवलही तुमचं आणि तो खराब झाला तर नुकसानही तुमचंच.

अमरावतीचं बंद दार

आता गंमत बघा. असलं कार्डवालं गोदाम खुद्द अमरावतीतही आलं होतं. भारतात परदेशी कंपन्यांना 'कॅश अँड कॅरी' म्हणजे रोख घाऊक विक्रीत १९९७ पासून १०० टक्के गुंतवणूक करता येत होती, आधी सरकारी मंजुरी घेऊन आणि २००६ पासून मंजुरीशिवाय. २००३ मध्ये बंगळूरला मेट्रो आलं, २००९ मध्ये अमृतसरला भारती-वॉलमार्टचं 'बेस्ट प्राइस'. त्यानंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात बेस्ट प्राइस आलं ते औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) आणि आपल्या अमरावतीला. पुण्या-मुंबईच्या आधी आपलं नाव लागायचे प्रसंग फार नसतात, म्हणून मुद्दाम सांगतोय :) २०२० मध्ये वॉलमार्टचा हा भारतातला घाऊक धंदा फ्लिपकार्टकडे गेला.

पण चार रूममेटना तिथे कार्ड मिळालं नसतं. कार्डासाठी धंद्याचा कागद लागायचा: दुकानाचा परवाना, कर नोंदणी, हॉटेल किंवा संस्था असल्याचा पुरावा. नियमच तसा होता. घाऊक विक्री परदेशी कंपनीला खुली, घरगुती गिऱ्हाइकाला थेट विक्री बंद. सप्टेंबर २०१२ मध्ये किरकोळ विक्रीत ५१ टक्क्यांपर्यंत परवानगी आली, तीही मुख्यतः १० लाखांवरच्या शहरांपुरती. २०११ च्या जनगणनेत अमरावती साडेसहा लाखांच्या आत होती आणि अकोला सव्वाचार लाखांच्या आसपास.

म्हणजे सोल प्राइसनं जे दार पहिल्या वर्षानंतर घरगुती लोकांना उघडलं, ते आपल्याकडे कायद्यानंच बंद ठेवलं. यामागचं कारण होतं नाक्यावरचा किराणावाला. त्याला ठोक भावात माल मिळावा, पण त्याचं गिऱ्हाईक त्याच्यापासून तोडलं जाऊ नये.

नाक्यावरचा किराणावाला नेमकं विकतो काय, हे समजायचं तर जरा आणखी मागे जायला हवं.

उधारीची वही

वऱ्हाडात घाऊक बाजाराला नियम लावायची गोष्ट जुनी आहे. कारंजा (लाड) इथला कापूस बाजार १८८६ मध्ये नियमाखाली आला, आणि १८९७ चा वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा हा देशातला त्या प्रकारचा पहिला कायदा. ठरलेली जागा, परवाना असलेले अडते, परवाना असलेले मापारी. इतर प्रांतांनी पुढे यावरूनच धडा घेतला.

पण कायदा कितीही चांगला असला तरी कापूस वर्षातून एकदाच येतो. पैसा हिवाळ्यात हातात येतो, मीठ-मिरची मात्र रोज लागते. मधले महिने चालतात ते किराण्याच्या वहीवर. 'लिहून ठेवा, कापूस गेल्यावर देतो' हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही तो वऱ्हाडात राहिलाच नाही. किराणावाला किलोमागे दोन रुपये जास्त घेतो, त्यात मालाबरोबर त्यानं दिलेली मुदतही असते. खानावळीच्या काकू तेच करत होत्या. कार्डवालं गोदाम ही मुदत काढून घेतं आणि तिची किंमत कमी करून देतं. ज्याला मुदत लागत नाही त्याला हे स्वस्त. ज्याला लागते त्याला हे दुकान उपयोगाचंच नाही.

हा पेच अमेरिकेच्याही आधीचा आहे. इंग्लंडमध्ये रॉचडेल गावच्या २८ जणांनी, त्यात विणकर बरेच, २१ डिसेंबर १८४४ ला टोड लेनवर एक दुकान उघडलं. भांडवल २८ पौंड, माणशी एक. एक पौंड एकदम टाकणं कुणालाच शक्य नव्हतं, म्हणून आठवड्याला दोन-तीन पेनी करत जमवला. सुरुवातीचा माल म्हणजे लोणी, साखर, पीठ, ओट, मेणबत्त्या. भाव बाजारभावाइतकाच, वजन चोख, आणि जो नफा होईल तो ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. मत मात्र प्रत्येकाला एकच. त्यांचा आणखी एक कडक नियम होता: उधारी नाही. उधारीनं आधीची दुकानं बुडाली होती, त्यामुळे नियम समजण्यासारखा आहे. पण त्याचा परिणाम असा झाला की जो सर्वांत गरीब, ज्याचं सगळं वहीवर चालायचं, तो बाहेरच राहिला. आमच्या चौथ्या रूममेटसारखा.

भारतात ही कल्पना मद्रासच्या ट्रिप्लिकेनमध्ये १९०४ ला आली. मुंबईत नायगावला १९४८ मध्ये 'अपना बाजार' निघालं. १९६२ च्या चीन युद्धानंतर केंद्र सरकारनं शहरोशहरी ग्राहक भांडारांची योजना आणली.

मला सगळ्यांत आवडली ती मात्र १९७५ ची मुंबई ग्राहक पंचायत. त्यांच्या वितरणाला दुकानच नाही! शेजारपाजारची कुटुंबं मिळून एक संघ करतात. महिन्याला काय हवं त्याची यादी आधी द्यायची, सगळ्या याद्या एकत्र करून ठोक खरेदी होते, माल संघाकडे येतो आणि सभासद स्वतः वाटून घेतात. मागणी आधी आणि खरेदी नंतर असल्यामुळे माल पडून राहत नाही. (आमच्या भाषेत सांगायचं तर इन्व्हेंटरी शून्य.) पिप्यातलं तेल खवट होणं, डाळीला किडे लागणं, हा जो खर्च मी तक्त्यात धरलाच नव्हता, तो इथे मुळात येतच नाही. पण वेळ द्यावा लागतो, आणि शेजाऱ्यावर भरवसा लागतो.

तर मग, कार्ड काढायचं का?

रविवारी रात्री भावाला लिहिलं, ते थोडक्यात असं.

हो, काढ. एका घराच्या पत्त्यावर मुख्य कार्डाबरोबर आणखी एक कार्ड फुकट मिळतं, म्हणजे चौघांत दोघं जण खरेदी करू शकतील. नाही पटलं तर फी परत देतात. त्यामुळे ६५ डॉलरची काळजी करू नकोस, तो या हिशोबातला सर्वांत छोटा आकडा आहे.

पण कार्ड काढायच्या आधी चौघं एकदा बसा आणि तीन गोष्टी ठरवा. पहिली, कट्टा कशाचा आणायचा. जे चौघंही खातात आणि जे महिनाभर टिकतं तेवढंच. तांदूळ, डाळ, तेल, साबण. बाकी ज्याचं त्यानं आणावं. यादी आधी, खरेदी नंतर. दुसरी, कुणी मधेच घर सोडलं तर उरलेल्या मालाचं काय. कार्ड वर्षाचं असतं, रूममेट कधी तीन महिन्यांचाही निघतो.

तिसरी सगळ्यांत महत्त्वाची. दुकानात पैसे कोण भरणार आणि बाकीचे कधी देणार. चौघांचे पगार एकाच तारखेला होतात का? कुणाच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे का? कुणी घरी पैसे पाठवतो का? हे तोंडानं कुणी सांगत नाही. त्यामुळे विचारत बसू नका, सोयच करून ठेवा. ज्याला जमतं त्यानं आधी भरावं, बाकीच्यांनी आठवड्याला थोडे थोडे द्यावेत, रॉचडेलच्या पेन्यांसारखे. आणि कुणी म्हणाला की "तुमचं करा, मी बाहेरच खाईन", तर त्याला आळशी म्हणायची घाई करू नका.

भावाचा रिप्लाय आला: "दादा, एवढं मोठं? मी फक्त हो की नाही विचारलं होतं :)"

दहा मिनिटांनी दुसरा आला. "आमच्यात एक जण आहे तसा. त्याची नोकरी अजून लागली नाही. त्याचा पहिला महिना मी भरतो."

आमच्या त्या चौथ्या रूममेटशी अजून बोलणं होतं. त्या वर्षाबद्दल मात्र आम्ही दोघंही काही काढत नाही. दिवाळीनंतर तो आमच्यात जेवायला लागला, पैसे कापूस विकल्यावर देतो म्हणाला, आणि दिलेही, शेवटच्या रुपयापर्यंत. मी ते वहीत मांडले होते. ती वही अजून आहे कुठेतरी, पण शोधायची इच्छा होत नाही.