पेस्ली : कोयरीला मिळालेले परके नाव

लुगड्याच्या काठावर, हातावरच्या मेंदीत, दुलईच्या छिटावर जी वाकड्या टोकाची नक्षी असते, तिला आपण कोयरी म्हणतो. इंग्रजीत तिचे नाव पेस्ली. पेस्ली हे स्कॉटलंडमधले, ग्लासगोच्या पश्चिमेस व्हाइट कार्ट नदीकाठचे जुने गाव. कोयरीचा जन्म काही तिथला नव्हे. मग नाव तिथले कसे पडले?

गावाचे नाव बहुधा 'बॅसिलिका', म्हणजे चर्च, या लॅटिन शब्दावरून आले. ११६३ साली राजाचा कारभारी वॉल्टर याने इथे ख्रिस्ती मठ स्थापला. कारभाऱ्याला तिकडे 'स्टुअर्ड' म्हणत. त्याच हुद्द्यावरून पुढे स्टुअर्ट राजघराण्याचे नाव पडले. पेशवे, चिटणीस अशी आडनावे असणाऱ्या मुलखाला याचे नवल वाटू नये.

गावाला जगभर ओळख दिली ती मात्र विणकरांनी. अठराव्या शतकाच्या अखेरीस काश्मिरी शाली विलायतेत पोहोचल्या आणि श्रीमंत घरांत त्यांचे वेड लागले. श्रीनगरचा शालबाफ 'तालीम' नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिलेली नक्षी वाचून घेत एकेक धागा गुंफी. भरगच्च शालीला वर्षाहून अधिक काळ लागे. पेस्लीत १८०५च्या सुमारास तिच्या नकला सुरू झाल्या. पुढे जकार्ड माग आला. तालमीचे काम भोके पाडलेली पत्रे करू लागली, शाल स्वस्त झाली आणि नक्षीला नकलेच्या गावाचे नाव चिकटले.

पेस्लीच्या विणकरावर राग धरण्यात अर्थ नाही. १८४१ ते १८४३च्या मंदीत त्याच्याही घरची चूल विझली होती. खरा सवाल शालबाफाचा आहे. तो बहुतांशी मुसलमान, आणि डोगरा दरबाराच्या कराखाली पिचलेला. २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरात शालबाफ दाद मागायला रस्त्यावर उतरले. फौजेने त्यांना रेटले, कित्येक जण पाण्यात बुडून मेले. शाल विकली जात होती पॅरिसमध्ये, आणि विणणाऱ्याच्या हाती उरत होती ती कवडीमोल मजुरी.

१८७०-७१च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाने काश्मिरी शालीची ती पेठ मोडली. त्याच सुमारास विलायतेतली फॅशन पालटली आणि पेस्लीचे शालीचे मागही एकामागून एक थांबले. काश्मिरातली कानी शाल आजही तालमीवरून विणली जाते. इंग्रजी बाजारात मात्र तिच्यावरच्या नक्षीलाही पेस्लीच म्हणतात.