जुजदान

बाळापूर म्हटलं की 1720ची लढाई सांगितली जाते. तिथल्या नक्शबंदी खानकाहतल्या हस्तलिखितांचा विषय सहसा निघत नाही. अशी पुस्तकं टिकली ती सुईदोऱ्यावर. आधी जुज शिवायचे, मग पाठीच्या दोन्ही टोकांना दुरंगी रेशमाचा शिराजा विणायचा. तो उसवला की पानं सुटलीच. उर्दूत कुटुंब विखुरलं तरी 'शिराजा बिखर गया' म्हणतात, ते यावरूनच. हे काम जिल्दसाजाचं. कुरआनचं जुजदान मात्र अमरावती-अकोल्याकडं घरोघरी बायकांनीच शिवलं, त्यावर कशिदा काढला. कातिब शेवटच्या पानावर आपलं नाव आणि हिजरी साल लिहून जाई. जुजदानावर नाव नसे. नानीचं जुजदान जीर्ण झालं म्हणून आम्हीच विहिरीत ठंडं केलं. तिचा तो टाका आता घरात कुणालाच येत नाही.